वाळूंतील तेलभक्षक जीवाणु



जीवाणूंविषयीं बोलण्यासाठीं एखाद्या डॉक्टराला किंवा प्राध्यापकाला न बोलावतां माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाला येथें कां बसविलें, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. तो रास्त आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यानंतर शिक्षकाची पदविका, आणि त्यानंतर छत्तीस वर्षें खडू आणि फळा. शास्त्रीय विषयावर अधिकारवाणीनें बोलण्याचा मला हक्क नाहीं. परंतु या विषयांत मीं स्वतः एक चूक केलेली आहे, आणि निदान त्या चुकीविषयीं बोलण्याचा माझा अधिकार कोणी नाकारणार नाहीं. ती चूक कशी झाली, आणि ती समजून घेतां घेतां समुद्रकांठच्या वाळूंत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जीवाची ओळख कशी झाली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

माझें गांव सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आहे. गांवापुढें मैलभर लांबीची पुळण, तिच्यामागें सुरूंची रांग आणि त्यामागें माडांच्या बागा. ज्यांनीं कोकणाची किंवा गोमंतकाची पुळण केवळ दिवाळीच्या सुटींत पाहिली असेल, त्यांना तिचें वैशाख-ज्येष्ठांतील रूप ठाऊक नसेल. नैर्ऋत्येचा वारा सुटूं लागला कीं लाटांबरोबर काळे, चिकट डांबराचे गोळे किनाऱ्यावर येऊन पडतात. कांहीं वाटाण्याएवढे, कांहीं लिंबाएवढे, तर कांहीं चांगले थाळीएवढे चपटे. अनवाणी चालणाराच्या तळपायाला ते असे चिकटतात कीं रॉकेल किंवा खोबरेल तेल चोळल्यावांचून निघत नाहींत. रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्याला ते लागले तर जाळें खराब होतें, आणि माशांना वास लागला तर गिऱ्हाईक परत फिरतें.

हे गोळे म्हणजे समुद्रांत सांडलेल्या खनिज तेलाचा गाळ. तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेलें पाणी, जहाजांच्या इंजिनांतील तेलकट मैला, अपघातांत फुटलेल्या टाक्या आणि समुद्रांतील तेलविहिरी, अशा अनेक मार्गांनीं तेल पाण्यावर येतें. उन्हानें त्यांतील हलका भाग उडून जातो. उरलेला जड भाग लाटांच्या घुसळणींत पाणी आणि वाळू गिळून घट्ट होतो आणि वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलतो. ज्यानें तेल सांडलें तो दूर निघून गेलेला असतो. काळे पाय मात्र आमच्या मुलांचे होतात.

आतां माझ्या चुकीकडे येतों. सन १९९८ च्या जून महिन्यांत, शाळा नुकतीच उघडली असतां, मीं चौथीच्या वर्गाचें श्रमदान ठरविलें. विषय अर्थात् ग्रामस्वच्छतेचा. मुलांनीं बादल्या, घमेलीं आणि करवंट्या आणल्या, आणि दोन सकाळींत पुळणीवरील झाडून सारे गोळे गोळा केले. या ढिगाचें करावयाचें काय? मला वाटलें, पुरून टाकावें. भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला, सुरूंच्या अलीकडे, आम्ही कमरेइतका खोल खड्डा खणला, त्यांत सगळें डांबर ओतलें, वरून वाळू लोटली आणि पायांनीं दाबून घट्ट केली. पुळण स्वच्छ झाली. मुलांना शाबासकी मिळाली, आणि तिचा थोडा वाटा मीं स्वतःकडेही घेतला.

त्या मुलांत बाबल नांवाचा एक कोळ्याचा मुलगा होता. खड्डा बुजवितांना त्यानें विचारलें, "गुरुजी, ह्यां डांबर जाता खंय?"

प्रश्न चार शब्दांचा होता. उत्तर मला येत नव्हतें. परंतु पन्नास मुलांसमोर 'ठाऊक नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य त्या वयांत माझ्यापाशीं नव्हतें. मीं म्हणालों, "अरे, मातीच्या पोटांत सर्व जिरतें. माणूस जिरतो, झाड जिरतें, तर डांबर कां नाहीं जिरणार?" मुलांना तें पटलें. त्यापुढें कित्येक वर्षें, दर ज्येष्ठांत आमची शाळा डांबर गोळा करून पुरीत असे.

सन २०२१ च्या कार्तिकांत बाबल माझ्या ओटीवर आला. तो आतां तेहतीस वर्षांचा, दोन होड्यांचा मालक. वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक वस्तु त्यानें माझ्यापुढें ठेवली. होडीसाठीं मांडव घालण्याकरितां खांबांचे खड्डे खणतां खणतां त्याच्या पहारेला आमचा जुना खड्डा लागला होता. कागद उघडला. आंत मुठीएवढा काळा गोळा होता. वरून थोडा कडक, परंतु बोटानें दाबला तर आंतून मऊ, आणि वास असा ताजा कीं जणूं कालच समुद्रांतून आला आहे. तेवीस वर्षें तो वाळूखालीं होता.

बाबल हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलेलें अजून झालें नाहीं."

तो थट्टेनेंच बोलला. पण मला ती रात्र नीट झोंप आली नाहीं. शिक्षकानें एकदां सांगितलेलें खोटें उत्तर किती वर्गांतून किती घरीं पोंचतें, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत गेलों. तेथील प्राणिशास्त्राच्या एका बाईंनीं माझें सर्व ऐकून घेतलें, कांहीं इंग्रजी लेख दिले आणि माझें इंग्रजी जेथें अडलें तेथें धीरानें समजावून सांगितलें. त्यानंतर मीं जें शिकलों तें असें.

तेल खाणारे जीव खरोखरच आहेत. माझें उत्तर संपूर्ण खोटें नव्हतें. तें अर्धवट होतें, आणि अर्धवट उत्तर हें पुष्कळदां खोट्या उत्तरापेक्षां अधिक फसवें असतें.

या जीवांपैकीं सर्वांत प्रसिद्ध जो आहे त्याचें नांव आल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस. नांव अवघड आहे, पण अर्थ सरळ आहे. खनिज तेलांत अल्केन नांवाचीं द्रव्यें मोठ्या प्रमाणांत असतात. 'व्होरॅक्स' म्हणजे लॅटिन भाषेंत अधाशी खाणारा. आणि बोर्कूम हें उत्तर समुद्रांतील जर्मनीचें एक लहानसें बेट. त्या बेटाजवळच्या समुद्रांतून हा जीवाणु मिळाला, म्हणून 'बोर्कूमचा अल्केनखाऊ'. याकिमोव, गोलिशिन, टिमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें वर्णन सन १९९८ मध्यें प्रसिद्ध केलें. ज्या वर्षीं जर्मनीतील ते शास्त्रज्ञ तेल कोण खातो हें जगाला सांगत होते, त्याच वर्षीं मी इकडे खड्डा खणीत होतों.

हा जीवाणु काठीच्या आकाराचा असतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकी. म्हणजे सुमारें चारशे जीवाणु टोकाला टोक लावून उभे केले तर एक मिलिमीटर भरेल. त्याचा आहार चमत्कारिक आहे. आपल्या ओळखीचे बहुतेक जीवाणु साखरेवर तुटून पडतात. याला साखर पचत नाहीं. सन २००६ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याची संपूर्ण आनुवंशिक लिपि वाचली. तींत सुमारें ३१ लक्ष अक्षरें आढळलीं, परंतु साखर आंत घेण्याची नेहमींची यंत्रणा कोठेंच सांपडली नाहीं. उलट, तेल फोडण्याची हत्यारें मात्र एकाहून अधिक आढळलीं. एखाद्या व्रतस्थ माणसाप्रमाणें त्यानें आपला आहार ठरवून टाकलेला आहे.

तो तेल खातो कसें, तें थोडक्यांत सांगतों. अल्केन म्हणजे कर्बाच्या अणूंची माळ, आणि प्रत्येक मण्याला उज्जवायूचे अणु चिकटलेले. ही माळ पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून जीवाणूपुढें पहिली अडचण अशी कीं पाण्यांत राहून तेलाला धरावें कसें? तो स्वतःच्या शरीरांतून एक साबणासारखें द्रव्य तयार करतो. साबण जशी तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवून देतो, तशीच हें द्रव्य जुळवून देतें. मग जीवाणु थेंबाला चिकटतात आणि त्याच्याभोंवतीं पातळ साय धरावी तसा थर करतात. सन २०२३ मध्यें जपान आणि फ्रान्स येथील संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं, तेलाची संवय झालेल्या जीवाणूंची ही साय थेंबाचा पृष्ठभाग दाबून, सुरकुतवून, त्यांतून बारीक नळ्यांसारखे फांटे काढते. त्यामुळें खाण्यासाठीं अधिक जागा मिळते आणि थेंब लवकर संपतो.

थेंबाला चिकटल्यावर जीवाणु माळेच्या एका टोकाला प्राणवायूचा एक अणु जोडतो. तेवढ्यानें ती माळ पचण्याजोगी होऊं लागते. मग दोन दोन मणी तोडीत तोडीत तो सारी माळ संपवितो. शेवटीं उरतें तें पाणी, कर्बवायु आणि जीवाणूचें स्वतःचें वाढलेलें शरीर.

आपण म्हणाल, माणसानें तेलाचीं जहाजें काढण्यापूर्वीं हा बिचारा काय खात होता? मलाही हाच प्रश्न पडला. त्याचीं दोन उत्तरें आहेत. समुद्राच्या तळाला भेगा आहेत आणि त्यांतून तेल आपोआप झिरपतें. हें झिरपणें वर्षाला सुमारें सहा लक्ष टन असावें, असा अंदाज २००३ मध्यें अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं केला होता. दुसरें उत्तर अधिक आश्चर्याचें आहे. समुद्राच्या पाण्यांत तरंगणारे अतिसूक्ष्म हरित-नील जीवाणु सूर्यप्रकाशावर जगतां जगतां स्वतःच अल्केन तयार करतात. एकेकांतील अंश कणमात्र; पण त्यांची संख्या इतकी अफाट कीं वर्षाचें उत्पन्न कोट्यवधि टनांवर जातें, असें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत म्हटलें आहे. म्हणजे जगांतील प्रत्येक समुद्रांत या तेलखाऊंना रोजची थोडी भाकरी मिळत असते. ते अल्प संख्येनें, उपाशीपोटीं, वाट पाहत असतात. तेल सांडलें कीं त्यांची पंगत बसते.

आतां वाळूकडे येऊं. वाळू म्हणजे निर्जीव वस्तु, असें मी मुलांना शिकवीत आलों. जर्मनीच्या हेल्गोलांड बेटाजवळील समुद्रतळाची वाळू संशोधकांनीं कण कण तपासली, तेव्हां एकेका कणावर दहा हजारांपासून एक लक्षापर्यंत जीवाणु आढळले. हें संशोधन २०१८ सालचें. आपल्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या कणाला सूक्ष्मदर्शकाखालीं दऱ्या, खांचा आणि कपारी असतात. लाटांनीं कण एकमेकांवर घासले तरी कपारींतील वस्ती सुरक्षित राहते. चिमूटभर वाळू उचलली तर आपल्या बोटांत एका मोठ्या राज्याची लोकसंख्या येते.

शिवाय पुळण श्वास घेते. भरती आली कीं पाणी वाळूंत शिरतें. ओहोटी लागली कीं तें खालीं उतरतें आणि त्याच्यामागोमाग हवा आंत ओढली जाते. दिवसांतून दोनदां हा भाता चालतो. तेल खाणाऱ्या जीवाणूला या भात्याची फार गरज असते, कारण तेलाचें पूर्ण ज्वलन व्हावयाचें तर वजनानें तेलाच्या तिपटीहून अधिक प्राणवायु लागतो.

या सर्व गोष्टींची मोठी परीक्षा सन २०१० मध्यें झाली. त्या वर्षीं २० एप्रिल रोजीं अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातांत 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खणणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार दगावले. विहिरीचें तोंड १५ जुलैला बंद झालें. तोंवर, सरकारी अंदाजाप्रमाणें, सुमारें ४९ लक्ष पिंपें तेल बाहेर पडलें होतें. जून महिन्यांत तें फ्लॉरिडा राज्यांतील पेन्साकोला येथील शुभ्र पुळणीवर आलें, आणि लाटांनीं आणलेल्या नव्या वाळूखालीं काळे थर गाडले गेले.

फ्लॉरिडा राज्य विद्यापीठांतील ह्युटेल, कॉस्टका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें खड्डे खणून नमुने घेतले. स्वच्छ वाळूशीं तुलना करतां तेलकट वाळूंत जीवाणूंचें प्रमाण शेंकडों ते हजारों पटींनीं वाढलेलें होतें, आणि त्यांत आल्कॅनिव्होरॅक्सच्या घराण्यांतील मंडळी पुढें होती. तीं माणसांनीं आणून सोडलेलीं नव्हतीं. त्याच परिसरांत आधींपासून होतीं. वाळूंत बारीक विखुरलेलें तेल बहुतांशीं एका वर्षाच्या आंत नाहींसें झालें. या कामांत एकाच जातीचे जीवाणु नव्हते. सरळ माळा खाणारे आधीं आले, अवघड वलयें फोडणारे दुसरे मागून आले, आणि तेल संपत आल्यावर वाळूंतील जुने रहिवासी हळूहळू परतले. आपल्याकडे लग्नघरीं आचारी, वाढपी आणि भांडीं घासणारे जसे पाळीपाळीनें कामाला येतात, तसाच हा प्रकार.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, मग चिंता कसली? सांडूं द्या तेल, जीवाणु आहेतच. माझीही हीच समजूत झाली असती. परंतु माझ्या ओटीवर तो तेवीस वर्षांचा गोळा अजून पडलेला होता. तो कां उरला, याचें उत्तर मिळाल्यावांचून माझें समाधान होणार नव्हतें.

पेन्साकोला येथील त्याच संशोधकांनीं याची परीक्षा घेतली होती. तेल आणि वाळू यांचे गोल्फच्या चेंडूएवढे, म्हणजे आपल्या लहान लिंबाएवढे गोळे त्यांनीं पुळणीत पुरले आणि तीन वर्षें अधूनमधून उकरून किती झिजले तें मोजलें. त्यांच्या हिशेबाप्रमाणें असा एक गोळा नाहींसा होण्यास निदान ३२ वर्षें लागतात, आणि वाळूचा संपर्कच नसेल तर शंभराहून अधिक. हा निष्कर्ष २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. जें तेल कणाकणांवर पसरलें होतें तें वर्षांत गेलें. जें गोळा होऊन बसलें तें एका माणसाच्या उभ्या नोकरीइतकें टिकतें.

याचें कारण स्वयंपाकघरांतील उदाहरणानें समजेल. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या तर त्या बाहेरूनच खातात; आंतला गूळ कित्येक दिवस तसाच राहतो. तोच गूळ किसून पसरला तर रात्रींत संपतो. चार सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा फोडून चार मिलिमीटरचे हजार गोळे केले, तर माल तितकाच राहतो, पण खाण्याची जागा दहापट होते. जीवाणु पृष्ठभागावरच काम करूं शकतो. गोळ्याच्या पोटांत त्याला ना हवा, ना पाणी.

दुसरें असें कीं नुसत्या तेलावर त्याचा प्रपंच चालत नाहीं. तेलांत कर्ब भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहींत. शेतकरी श्रोत्यांना हें वेगळें सांगावयास नको. सन १९८९ च्या मार्चमध्यें अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन व्हाल्डीझ' हें जहाज खडकावर आपटून सुमारें ३७ हजार टन तेल सांडलें, तेव्हां तेथील किनाऱ्यांवर चक्क खत घालण्यांत आलें. ज्या थरांत हवा खेळत होती तेथें तेल लवकर ओसरलें. परंतु दगडगोट्यांखालीं जेथें हवा पोंचत नव्हती तेथें काय झालें? सन २००१ मध्यें तेथें हजारों खड्डे खणून पाहिलें, तेव्हां तपासलेल्या निम्म्याहून अधिक किनाऱ्यांवर तेल शिल्लक होतें. आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' या जहाजांची टक्कर होऊन शेंकडों टन तेल सांडलें आणि खाडीकांठच्या कांदळवनांत शिरलें. पुळणीची वाळू श्वास घेते. कांदळवनाचा चिखल फारसा घेत नाहीं. म्हणून तेथें शिरलेलें तेल अधिक हट्टी असतें.

कोणी म्हणेल, बाटलींत वाढविलेले बलवान् जीवाणु आणून कां शिंपडूं नयेत? या कल्पनेशीं एका भारतीयाचें नांव जोडलेलें आहे. बंगालमध्यें जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनीं अमेरिकेंत, १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत, अनेक प्रकारचें तेल फोडूं शकणारा जीवाणु प्रयोगशाळेंत सिद्ध केला. सजीव वस्तूचा एकाधिकार माणसाला मिळावा कीं नाहीं, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८० मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं चक्रवर्तींच्या बाजूनें निकाल लागला. कायद्याच्या इतिहासांत तो खटला अजरामर झाला. जीवाणु मात्र समुद्र साफ करण्यास कधीं उतरला नाहीं. समुद्रांत तेल खाणारे मुळांतच आहेत. उणीव असते ती हवेची, नत्र-स्फुरदाची आणि सुट्या पृष्ठभागाची. पाहुणे वाढवून पंगत लवकर उठत नाहीं. वाढण्याची सोय लागते.

आतां माझा खड्डा आपल्या ध्यानांत आला असेल. मीं काय केलें? लाटांनीं विस्कटलेले गोळे एकत्र करून त्यांची मोठी ढेप केली. ती भरतीच्या रेषेच्या वर नेली, म्हणजे समुद्राच्या भात्यापासून दूर केली. कमरेइतक्या खोल खड्ड्यांत घातली आणि वरून पन्नास मुलांच्या पायांनीं दाबून हवेची वाट बंद केली. जीवाणूला जें जें हवें तें सर्व मीं नेमकें काढून घेतलें. डांबर टिकवून ठेवण्याची याहून चांगली युक्ति मला शोधूनही सांपडली नसती.

त्या मार्गशीर्षांत बाबल, त्याच्या वेळचे चार-पांच विद्यार्थी आणि मी असे मिळून तो खड्डा उकरला. गोळे गोण्यांत भरले. ग्रामपंचायतीमार्फत तालुक्याला पत्र लिहिलें. आणि चार खेपा घातल्यावर, सातव्या महिन्यांत, गोण्या उचलल्या गेल्या. खड्ड्याच्या भिंतींची वाळू काळवंडलेली होती. ती आम्ही जागच्या जागीं पातळ पसरली आणि दर पंधरवड्यास फावड्यानें वरखालीं केली. वर्षभरानें तिचा वास गेला आणि रंगही पुष्कळ निवळला. हा कांहीं शास्त्रीय प्रयोग नव्हे. त्यांत उन्हाचा वांटा किती, पावसाचा किती आणि जीवाणूंचा किती, हें आम्ही मोजलेलें नाहीं. परंतु जवळच दुसऱ्या एका जुन्या खड्ड्यांतील न हलविलेला गोळा त्याच दिवशीं फोडून पाहिला, तर तो आंतून तसाच मऊ होता, एवढें डोळ्यांनीं पाहिलें तें सांगतों.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या बांधवांना म्हणून एवढीच विनंति आहे. डांबराचे गोळे हातमोजे घालून किंवा फावड्यानें उचलावे, आणि ते पुरूं नयेत, जाळूं नयेत. गोणींत भरून पंचायतीच्या हवालीं करावे आणि उचलले जाईपर्यंत पाठपुरावा करावा. वाळूवर उरलेला बारीकसारीक अंश मात्र वाळूवर सोंपवावा. तें काम करणारे तेथें आहेत आणि त्यांना कोणाच्या शाबासकीची गरज नाहीं. आणि जे श्रोते जहाजांवर नोकरी करतात, कोकणांतील तर घरटीं एखादा तरी असतो, त्यांना सांगणें असें कीं, तेलकट पाणी समुद्रांत सोडण्यावर आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध १९८३ पासून लागू आहेत. रात्रीच्या अंधारांत उघडलेली एक झडप आपल्याच गांवच्या पुळणीवर बत्तीस वर्षांचें काम टाकून जाते, हें त्यांनीं विसरूं नये.

मी शाळेंत जंतु म्हणजे रोग, एवढेंच शिकविलें. हात धुवा, पाणी उकळा, हें खरेंच आहे आणि आजही तें शिकविलेंच पाहिजे. परंतु त्याच्या शेजारीं दुसरेंही एक वाक्य असावयास हवें होतें, कीं आपण केलेली घाण निस्तरणारे पुष्कळसे हात जंतूंचेच आहेत. मात्र ते आपल्या गतीनें आणि आपल्या अटींवर काम करतात. त्या अटी समजून घेणें हें आपलें काम आहे.

गेल्या ज्येष्ठांत बाबलची मुलगी, ती आतां तिसरींत आहे, पुळणीवर माझ्याबरोबर गोळे वेंचीत होती. तिनेंही विचारलें, "आजोबा, ह्यां डांबर जाता खंय?" मीं तिला वाळूची चिमूट उचलावयास सांगितली आणि जें आपणांस सांगितलें तेंच सोप्या शब्दांत सांगितलें. ती ऐकून गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "मग सगळें संपतां काय?" मीं म्हणालों, "नाहीं गो. सर्वांत जड जो भाग असतो त्याचें पुढें काय होतें, तें मला ठाऊक नाहीं. तूं मोठी होऊन शोधून काढ."

'ठाऊक नाहीं' हे शब्द उच्चारावयास मला तेवीस वर्षें लागलीं.